सात नंबरची ट्यूब

४ मार्च
मॅडम म्हणाल्या, "सात नंबर बाहेर काढावी लागेल. जुन्या प्रयोगाशी ताडून बघायचं तर रक्तही त्याच माणसाचं हवं." मी "हो" म्हटलं आणि तडक बेसिनपाशी जाऊन काचसामान घासायला लागले. सगळं आधीच घासलेलं होतं!

चार वर्षांपूर्वी प्रयोगाला निरोगी माणसांचं रक्त कमी पडलं, तेव्हा मी आणि नवऱ्यानं दिलं होतं. सुईला जाम घाबरायचा, तरी आला. सात नंबर तो, आठ मी. आठच्या सहाही ट्यूब मी मशीन तपासण्यातच उडवल्या — आपल्याच तर आहेत! सातची एक उरली. तो जाऊन आता दोन वर्षं होतील. माणूस राहिला नाही, पण त्याच्या पांढऱ्या पेशी नायट्रोजनच्या अतिथंड टाकीत गोठून जिवंत आहेत. कुणाला सांगू? आई म्हणेल, डोकं फिरलंय पोरीचं.

५ मार्च
नाही काढली. थाप मारली — प्रयोगाला लागणारं सोयाबीनचं प्रथिन संपलंय.

६ मार्च
मॅडमना ते फ्रीजमध्ये सापडलं. रागावल्या नाहीत. "सोमवारी काढू या?" एवढंच.

९ मार्च
काढली. कोमट पाण्यात धरून बसले. बर्फ सुटला. शंभरातल्या नव्वद पेशी जिवंत! "उठलास एकदाचा," मी चक्क मोठ्यांदा म्हणाले.

सोयाबीनचं हे प्रथिन भारी चोखंदळ. पेशीच्या अंगावर ठरावीक साखर असेल तरच चिकटतं. म्हणून तर सारख्या दिसणाऱ्या पेशींतले गट वेगळे ओळखता येतात. त्याला हिरवा रंग जोडलेला. खोलीत अंधार केला, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला — हिरवे ठिपके! मान अवघडेपर्यंत बघत राहिले. फार आठवण येते. रोज येते.

१० मार्च
तुलनेला ताजं रक्त हवं होतं, माझंच घेतलं. इतरांच्या शंभरात दहा-बारा पेशी हिरव्या होतात. त्याच्या तेवीस. माझ्याही तेवीस! मॅडम हसल्या, "नवरा-बायको एका माळेचे मणी." दिवसभर जमिनीवर पाय नव्हता माझा.

११ मार्च
दोन माणसांचं इतकं तंतोतंत जुळतं कधी? उद्या रक्तदात्यांची जुनी वही बघते.

१२ मार्च
वहीत माझंच अक्षर. सात — स्त्री, वय चौतीस.
आठवलं. सुई बघून तो पांढराफटक पडला होता. "आधी तू बस ना." मी बसले.
आठ तो होता.