घाटाच्या तोंडाशी थांबलेली पिकअप

आबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि आज लिहायला बसले ते काही चांगलं सांगायला नाही. दुकान तिथंच आहे, ओतूरच्या पुढं, माळशेजच्या रस्त्याला. पंक्चर मीच काढते. यंदा सुनेनं मोबाईलवर मोटारींच्या शर्यती लावून दिल्या. जगातल्या सगळ्यात वेगवान गाड्या, आज या देशात, पुढच्या खेपेला त्या. मला आधी वाटलं, रिकामटेकड्यांचा उद्योग. पण मधेच गाडी बाजूला घेतात आणि शिंक येईस्तोवर चारी चाकं बदलून मोकळे होतात, ते बघितलं आणि मी अडकले. चुरस दोन गड्यांची: एक जुना, वर्षानुवर्षं जिंकत आलेला, आणि एक तरणा, तापट. सबंध हंगाम कधी हा पुढं, कधी तो. शेवटच्या शर्यतीला दोघांचे गुण सारखे.

मलाही खुमखुमी आली. गिऱ्हाईक आलं की मी चाक झटक्यात बदलायची. लोक म्हणायचे, "मावशी, परदेशात बोलावत्याल तुमाला." लई गोड लागायचं ते. त्या घाईत तुमची रीत मोडली. गाडी जॅकवरून खाली आली की तुम्ही पाना ड्रायव्हरच्या हातात द्यायचात. "एकेक नट तू आवळ. ज्याचा जीव, त्याचा हात." मी एकदा कुरकुरले, गिऱ्हाइकाला कशाला राबवता, तर म्हणालात, "आपलं ध्यान कुठं असंल, त्याला काय ठावं?"

तर शेवटच्या शर्यतीचा रविवार. मोबाईल हवेच्या मशीनला टेकवलेला. पिंपरी पेंढारचा टोमॅटोवाला येतो, पिकअपचं मागचं चाक बसलेलं, माल कल्याणला न्यायचाय.

"मावशी, ध्यान हाय ना हिकडं?"

"हात हिकडंच हायेत. डोळ्यांशी तुला काय करायचंय?"

स्टेपनी चढवते, नट फिरवते, जॅक काढते. तो सवयीनं पाना मागतो. मी म्हणते, "नीघ आता, उशीर नको करू." तो हसत जातो.

शर्यत संपली, तरणा जिंकला, मी पसारा आवरायला घेतला. पाना उचलला आणि ध्यानात आलं. गाडी खाली घेतल्यावर नट आवळलेच नव्हते. त्याला फोन लावला.

"मढच्या पुढं थांबलोय, घाटाच्या तोंडाशी. चाक डुलाया लागलं व्हतं. कवाधरनं फोन करतोय तुमाला."

"रेंज नव्हती रे," मी म्हणाले.

थोरल्या पोराच्या मोटारसायकलवर मागं बसून गेले. टोमॅटोनं भरलेली गाडी कडेला उभी. पुढं नुसता उतार आणि दरी. पाना मी त्याच्या हातात दिला, नट त्यानंच आवळले. वर मलाच समजावतो, "तुमच्या हातचं चाक, म्हून म्या बघितलं बी न्हाई. नटच झिजलं असत्याल." मी म्हणाले, "असतील."

तुम्ही असतात तरी हा कागद तुमच्या हातात दिला नसता. रेंज होती, आबा. शेवटची फेरी चालली होती, मोबाईलवर पळत्या गाड्यांवर टोमॅटोवाल्याचं नाव आडवं आलं. मी फोन कापला. परत आला, परत कापला.