उलटी जोडलेली साखर

१२ मार्च १९९६, सांगली

जुळली! आठवी साखर साखळीला जुळली!! अडीच वर्षं लागली. मेंदूज्वराच्या जंतूचं वरचं कवच साखरेचं असतं. तीच साखळी आम्ही बाटलीत बनवतोय — लस हवी, पण जंतू न वाढवता. गंगाधर सरांनी अख्ख्या लॅबला भडंग खाऊ घातलं. पाटणला बाबांना फोन केला.

१९ मार्च

पुण्याहून तपासणीचा आलेख आला. तीनदा पाहिला. आठवी साखर उलट्या बाजूने जोडली गेलीय. ही साखळी टोचली तर रक्त खऱ्या जंतूला ओळखणारच नाही.

सरांनी दारातूनच विचारलं, "ठीक ना गं सगळं?" मी म्हटलं, "हो सर." तोंडातून निघूनच गेलं!

२० मार्च

आज सांगेन म्हटलं. नाही सांगितलं.

२ एप्रिल

अनुदान समिती आली. सरांनी खडू माझ्या हातात दिला. फळ्यावर साखळी मीच काढली — बरोबर बाजूची. टाळ्या. माझी शिष्यवृत्ती दोन वर्षांनी वाढली. बाबांनी पाटणभर सांगून टाकलंय. आता कोणत्या तोंडाने बोलू? कालचं खोटं टिकवायला आज नवं लागतं.

९ मे

सशांना टोचून महिना झाला. त्यांचं सगळं बघणाऱ्या हरणाबाई आज धाकट्या नातीला घेऊन आल्या. चार महिन्यांची. थोरली मेंदूज्वरात बहिरी झाली — मला माहीतच नव्हतं.

"बाई, आवशीद झालं की पैली सुई हिला. द्याल न्हवं?"

"बघू."

"बघू न्हाई. व्हय म्हना."

म्हटलं — व्हय. मग हात धुवायला गेले आणि नळ सोडून तशीच उभी राहिले.

१० मे

सरांना सगळं सांगितलं. सर चष्मा पुसत राहिले. मग म्हणाले, "मला मार्चपासून माहीत आहे. पुण्याहून एक प्रत मलाही येते."

"मग फळ्यापाशी मला का उभं केलंत?"

"लॅब बंद पडली असती, अश्लेषा. आता गप्प राहा. दोघंही आहोत यात."

सात आठवडे! एकच कागद, आणि आम्ही दोघं तो एकमेकांपासून लपवत होतो.

१३ मे

समितीला सगळं खरं लिहून पत्र टाकलं. रजिस्टर पोस्टाने. लपवणारे म्हणून नावं दोघांची. माझं आधी.