‘स्टॉप’चं उत्तर

बोब्लिंगेन, जर्मनी,
११ नोव्हेंबर २००६

तीर्थरूप बाबांना साष्टांग नमस्कार.

इकडे सगळं ठीक आहे. थंडी पडू लागली. हृषिकेशचं आणि माझं ऑफिस, ओवीची शाळा, रोजचंच. ओवीला मराठीत विचारलं की ती जर्मनमध्ये उत्तर देते. तुमच्या वर्गात असती तर अंगठे धरून उभी राहिली असती.

आधी उत्तर, मग बातम्या, हा तुमचा नियम आज मोडला. अकरा वर्षं तुम्ही पत्रातून एकेक इंग्रजी शब्द पाठवता, मी मूळ शोधून कळवते आणि तुम्ही लाल शाईने तपासता. या वेळचा शब्द होता ‘स्टॉप’. त्याला पाच आठवडे लागले. काम फार होतं, असं मी मुक्ताताईला सांगितलं.

लॅटिनमध्ये ‘स्टुप्पा’ म्हणजे जवसाचे जाडेभरडे तंतू. त्यांचा बोळा करून भोक बुजवायचं. ‘स्टॉप’चा जुना अर्थ तेवढाच. भोक बुजलं की गळती थांबते, त्यावरून पुढे काहीही थांबवणं आलं. खालच्या फ्राऊ केलर मोजे रफू करतात, त्यालाही जर्मनमध्ये ‘श्टोप्फेन’च म्हणतात. मी विचारलं तर म्हणाल्या, “गेनाऊ, अगदी बरोबर! भोक बुजवायचं, मोजा टाकायचा नाही.”

हे सगळं मला पहिल्याच दिवशी सापडलं होतं. कामाचं खोटं सांगितलं. तुम्ही लिहिलं होतंत, “तुझं उत्तर आलं की डॉक्टरांना सांगतो, आता डायलिसिस पुरे.” उत्तर आल्याशिवाय तुम्ही पुढचं पान उलटत नाही, हे मला ठाऊक आहे. म्हणून मी लिहिलंच नाही.

काल ताई फोनवर म्हणाली, “अगं, बाबांना धड उभं राहवत नाही, तरी रोज अकराला फाटकाशी खुर्ची टाकून पोस्टमनची वाट बघतात.” मला माझी लाज वाटली. तुमचा रागही आला. असली परीक्षा कुणी मुलीची घेतं का?

उत्तर पाठवते आहे. त्याने काय होणार ते कळून पाठवते आहे. पण लाल पेन लगेच उघडू नका. मी २५ला सांगलीत पोचते. माझ्यासमोर तपासा, मार्क द्या. मग डॉक्टरांना फोन मी लावून देईन.

उत्तर येत असतानाही उशीर केलेली,
तुमची विद्यार्थिनी
ऊर्मिला