हलू नका म्हणणाऱ्या मामांना

सातपूर कॉलनी, नाशिक
रविवार, जेवणानंतर

आदरणीय सहादूमामांना, आणि हे पत्र त्यांना मोठ्याने वाचून दाखवणाऱ्या सुलामामींना, संजनाचा सप्रेम जय भीम.

इगतपुरीला पाऊस आहे का, हे मी विचारत नाही. घरातले कपडे वाळतात का, एवढंच विचारते. मामांचा खोकला, गुडघा आणि साखर या तिघांची खुशाली वेगवेगळी कळवावी, कारण मागच्या वेळी नुसतं ‘बरं आहे’ असं कळवलं होतं आणि त्यातलं नेमकं कोण बरं आहे ते समजलं नाही. हाताबद्दल विचारत नाही. हाताचं विचारलं की मामा पावसाचं बोलायला लागतात. इकडे आम्ही मजेत. दीपकचं पोट सुटलंय, माझे केस पिकलेत. (पुरावा म्हणून दोन्हींचे फोटो आहेत, मागितल्यास पाठवीन.)

फोन असताना ही बया पत्र का लिहिते, असं तुम्ही आत्ता म्हणाला असाल. मामा, तुम्हाला फोन केला की तुम्ही ‘बरं, मामीशी बोल’ म्हणता आणि फोन देऊन टाकता. पत्र असं देऊन टाकता येत नाही. शिवाय मी चौथीच्या मुलांना दरवर्षी ‘मामास पत्र’ लिहायला लावते. सगळी मुलं ‘सुट्टीत येतो, आंबे ठेवा’ असं लिहून मोकळी होतात. म्हटलं, बाईंनी तरी एकदा खरं पत्र लिहून बघावं.

तर मुद्दा आभारांचा आहे. एप्रिलमध्ये जयंतीच्या मिरवणुकीत तुमचा हात थरथरला, फोटो हलला, आणि तुम्ही गळ्यातला कॅमेरा काढून भर रस्त्यात माझ्या गळ्यात घातलात. ‘आता तू काढ. माझं झालं,’ असं म्हणून संध्याकाळच्या गाडीने निघूनही गेलात. कॅमेरा मी घेतला, त्याबद्दल तुमचे मनापासून आभार. ‘माझं झालं’ हे मात्र मी घेतलेलं नाही. ते तुमचं तुम्हीच परत घेऊन जायचं आहे, त्याचं पुढे बघू.

कॅमेरा आल्यापासून मला नवीन डोळे फुटलेत. पूर्वी डबा भरताना मला फक्त डबा दिसायचा, आता स्टीलच्या झाकणावर पडलेलं खिडकीतलं ऊन दिसतं आणि भाजी करपते. दीपक म्हणतो, कॅमेऱ्यामुळे आपल्याकडे कला आली आणि जेवण गेलं. तो पहिला घास घेणार तेवढ्यात मी ‘थांब, वाफ येऊ दे’ म्हणते, आणि वाफेचा फोटो निघेपर्यंत वाफ निघून गेलेली असते. आता तो ताट घेऊन गॅलरीत जाऊन जेवतो. पण मामा, खरं सांगते, वीस वर्षं ज्या घरात राहतेय ते मी आत्ता कुठे बघितलं. हे तुमच्यामुळे झालं.

घर संपल्यावर मी म्हटलं, आता रोजचं जीवन टिपायचं. म्हणून सकाळी सकाळी पंचवटीच्या भाजीबाजारात गेले. गळ्यात कॅमेरा, पायात बूट, डोक्यावर टोपी (दीपकची, ऑफिसच्या सहलीत मिळालेली), आणि चेहऱ्यावर गंभीर भाव, कारण कलावंताने हसत फिरू नये असं मला वाटत होतं. पहिल्या गाड्याचा फोटो काढला. दुसऱ्याचा काढायला गेले तर कोणीतरी ओरडलं, ‘अतिक्रमणवाले आले.’ मीही घाबरून मागे बघितलं. मागे कोणी नव्हतं. मामा, ते मला बघून ओरडले होते. डोळ्यांदेखत अख्ख्या गल्लीने ताडपत्र्या गुंडाळल्या, टोमॅटो पाटीत गेले, पाट्या डोक्यावर गेल्या आणि रोजचं जीवन पुलाच्या दिशेने पळून गेलं. मी ‘अहो मी शिक्षिका आहे’ असं ओरडत त्यांच्यामागे पळाले, त्यामुळे ते आणखी जोरात पळाले. एकटी भागीबाई म्हणून मेथीवाली जागेवर बसून राहिली. तिचे गुडघे तुमच्यासारखेच असणार. तिने मला नीट न्याहाळलं आणि म्हणाली, ‘साहेब लोकं असं एकटं येत नाय. तू लग्नातली फोटूवाली दिसती. लय घाबरवलं बाई सगळ्यांना. आता घे मेथी.’ मी मेथी घेतली, बरीच घेतली. आठवडाभर आमच्याकडे दुसरी भाजी झाली नाही.

पळणाऱ्या लोकांचा हा अनुभव घेतल्यावर मला वाटलं, एका जागी बसणारे लोक बरे. म्हणून मी आपल्या गायन पार्टीकडे वळले. इथून पुढे जे घडलं, त्याला तुम्ही जबाबदार आहात.

तुम्हाला माहीत आहे की वर्षावास समाप्तीला विहारात कार्यक्रम असतो आणि आपली पार्टी गाते. ढोलकीवर तुमचे दोस्त नवनाथकाका, पेटीवर आयुष, आणि गायला सृष्टी. ही नवी मुलगी आहे, बी.एस्सी.ला आहे, आवाज असा आहे की पंख्याचा आवाज ऐकू येईनासा होतो. या वर्षी पार्टीचा मोठा फ्लेक्स करायचं ठरलंय. त्यावर फोटो हवा, आणि तो गाताना हवा. खुर्चीत बसून घेतलेला नको, असं सृष्टीचं म्हणणं. आणि पार्टीच्या आजवरच्या प्रत्येक फलकावर सहादूमामांचा फोटो लागलाय, त्यामुळे याही वर्षी मामांच्या कॅमेऱ्याचाच लागेल, मोबाइलचा चालणार नाही, असं नवनाथकाकांचं म्हणणं. दोघांचंही ऐकायचं असल्यामुळे काम माझ्याकडे आलं.

मी समाजमंदिरात तालमीला गेले. गाणं ऐन रंगात होतं. मी कॅमेरा डोळ्याला लावला, आणि गाणं बंद पडलं.

मला वाटलं वीज गेली. पण ढोलकीला वीज कुठे लागते? कॅमेरा खाली घेऊन बघते तर नवनाथकाका ताठ बसलेले, हात ढोलकीच्या वर हवेत, छाती फुगलेली, नजर माझ्याकडे. आयुषची बोटं पेटीवर दाबलेली, त्यामुळे पेटी एकाच सुरात रडत होती, मग भाता थांबल्याने तीही गप्प झाली. सृष्टी नवीन असल्यामुळे ओळीच्या मधोमध एकटीच राहिली आणि घाबरून तीही थांबली. ऐकायला आलेल्या बायका पदर सावरून, श्वास धरून बसल्या. मी कॅमेरा खाली केला, सगळ्यांनी एकदम श्वास सोडला आणि गाणं जिथे थांबलं होतं तिथून पुढे सुरू झालं. पुन्हा कॅमेरा वर केला, पुन्हा बंद. जणू कॅमेऱ्याला नाही, रेडिओच्या बटणाला माझा हात लागत होता.

मी नवनाथकाकांना म्हटलं, काका, वाजवत राहा. ते मला समजावून सांगायला लागले, ‘अगं बाई, हाललो तर फोटो खराब होतो. तुझ्या मामाने लहानपणापासून सांगितलंय. श्वास धरा, हलू नका. एकदा मी शिंकलो होतो तर बारशाचा अख्खा फोटो गेला. मामा आठ दिवस बोलला नव्हता माझ्याशी.’

बघा मामा. तुमच्याकडे तेव्हा फ्लॅश नव्हता, खोल्यांमध्ये उजेड नव्हता, कॅमेरा उघडायचा तो सावकाश मिटायचा. म्हणून तुम्ही रेल्वेच्या सुट्ट्या घालवून गल्लीगल्लीत बारशी, लग्नं, शाळेचे फॉर्म, सगळीकडे लोकांना दटावून दटावून गप्प उभं केलंत. आता कॅमेरा डोळ्याचं पातं लवायच्या आत फोटो काढतो, पण तुमची माणसं अजून श्वास धरूनच आहेत. मोबाइल वर केला तर कोणी ढिम्म हलत नाही, म्हणजे हलतातच, गातात, जांभया देतात, कारण मोबाइलला ते कॅमेराच मानत नाहीत. पट्टा लावलेला तुमचा काळा कॅमेरा दिसला की मात्र सगळे दगड. आयुष तर तुमच्या काळातला नाही. त्याला त्याच्या वडिलांनी शिकवलंय.

मी सगळे उपाय केले. खांबामागे उभी राहिले, तर लोकांनी खांबाकडे बघून श्वास धरला. बाहेरून खिडकीवर चढून प्रयत्न केला, तेव्हा शेजारच्या इमारतीतून कोणीतरी ‘बाई, चप्पल पडेल’ म्हणून ओरडलं आणि सगळे वळून गोठले. स्टँड आणून कॅमेरा त्यावर ठेवला आणि आपला काही संबंध नाही अशी लांब जाऊन बसले. त्या दिवशी पार्टीने स्टँडकडे बघत तालीमच केली नाही. माझ्याकडे आता पार्टीचे इतके फोटो आहेत आणि एकातही गाणं नाही. सगळ्यांत माणसं दम कोंडून बसलीत, ओळखपत्राला चिकटवावीत अशी.

शेवटी मागच्या रविवारी मी युक्ती केली. गेल्या गेल्या जाहीर केलं की आज कॅमेऱ्याची बॅटरी संपलीय, मी फक्त ऐकायला आलेय, कॅमेरा आपला सवयीने गळ्यात आहे. झालं. सगळे सैल झाले. नवनाथकाकांनी गळ्याचं बटण उघडलं, सृष्टीने डोळे मिटून वरचा सूर लावला, आणि असं गाणं झालं की चहावाला किटली हातात धरून दारात उभा राहिला. मी हळूच कॅमेरा वर केला. कोणी बघितलंही नाही. बटण दाबलं. आणि मामा, बॅटरी खरंच संपलेली होती. रात्री चार्जिंगला लावायची विसरले होते. दीपक म्हणाला, तू आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोललीस आणि तेही खरं निघालं.

अशी सगळी गंमत. हसून झालं असेल तर आता एक मनातलं सांगते. माझा शाळेतल्या पहिल्या दिवसाचा फोटो तुम्ही काढलात, दहावीच्या फॉर्मचा तुम्ही, लग्नाचे तुम्ही. भिंतीवर आईचा फोटो आहे तोही तुमचाच. तुमची बहीण त्यात तुमचं ऐकून अगदी न हलता उभी आहे. काल मी झाडू मारता मारता त्याच्यासमोर थांबले आणि पहिल्यांदाच लक्षात आलं, तिने श्वास धरलाय. फोटो झाल्यावर ती हसली असणार, तुम्हाला काहीतरी बोलली असणार. तिचं हसणं बघितलेले आता आपण दोघंच उरलो. तुम्ही नसता तर माझ्याकडे ही श्वास धरलेली आईसुद्धा नसती. हे मी तुम्हाला कधी बोलले नाही, म्हणून आज लिहिलं.

तब्येतीला जपा, पावसात ओट्यावर बसू नका, मामींचं ऐका.

तुमची, पण तुमच्याइतकी सरळ कॅमेरा न धरणारी भाची,
संजना

ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच. फ्लेक्सवाल्याने उद्याचा सोडून पुढच्या सोमवारची मुदत दिलीय. माझ्याच्याने हे होत नाही, हे वर सविस्तर लिहिलंच आहे. ज्यांनी या लोकांना ‘हलू नका’ सांगितलं त्यांनीच येऊन ‘हला’ म्हटल्याशिवाय ते हलणार नाहीत. तेव्हा येत्या रविवारच्या सकाळच्या गाडीने तुम्ही दोघांनी यावं. दीपक नाशिकरोडला घ्यायला येईल. कॅमेरा तुम्ही धरायचा, बॅटरी मी चार्ज करून ठेवते.

ता. क. दुसरा. हात थरथरतो, हे कारण चालणार नाही. माझा हात स्थिर आहे, स्टँड तर त्याहून स्थिर होता, आणि त्याने काय दिवे लागले ते तुम्ही वाचलंत. गाणं काही स्थिर नसतं मामा. आणि मी तुमच्या कोपराला आधार द्यायला येणार नाही, हेही आत्ताच सांगून ठेवते.

ता. क. तिसरा. मामी, हे मोठ्याने वाचू नका. ‘सगळ्यांना जय भीम लिहिलाय’ असं म्हणा आणि चहा ठेवायला उठा. बॅटरी संपली नव्हती. फोटो आलाय. नवनाथकाकांच्या हातांच्या जागी नुसता धुरळा दिसतो, सृष्टीच्या गळ्याची शीर दिसते, आयुष तिच्याकडे बघून हसतोय, आणि चहावाल्याच्या किटलीतून चहा सांडतोय तो त्याच्याही लक्षात आलेला नाही. बघितलं की गाणं ऐकू येतं. एवढा चांगला फोटो मला पुन्हा जमणार नाही, हे मला कळतं, म्हणून तो पुसवत नाही. पण तो फ्लेक्सवर लागला तर मामांना बोलवायला कारण उरत नाही, आणि तुम्ही फोनवर सांगितलंत तसे ते एका हाताने दुसरा हात धरून ओट्यावर बसून राहतील. म्हणून दीपकलासुद्धा मी बॅटरी संपली होती असंच सांगितलंय. फ्लेक्सवर मामांनी काढलेलाच फोटो लागेल, हललेला आला तरी. तुम्ही फक्त त्यांना गाडीत बसवा.