उतारावरची पंगत

श्रीगोंदा,
जि. अहिल्यानगर (हात सवयीने अहमदनगरच लिहायला जातो)

चि. शौनक,

नृसिंहकाकाचे आशीर्वाद, गुडघे दुखत असल्यामुळे बसूनच दिलेले. तुझी पाठ कशी आहे? लीनाकाकूने पाठवलेले डिंकाचे लाडू तूच खाल्लेस की ऑफिसात वाटलेस, ते कळव; ती रोज विचारते. फोन न करता पत्र लिहितोय, कारण फोनवर तू कायम मीटिंगमध्ये असतोस.

तर आपलं सांस्कृतिक भवन. तुझा आराखडा समितीने मन लावून पाहिला (पहिला अर्धा तास उलटा धरून). तुझी ही पहिलीच इमारत, आणि मी तीस वर्षं शाळेच्या पटांगणात ताडपत्रीखाली नाटकं केलेली. मरायच्या आधी एकदा खऱ्या रंगमंचावर उभं राहायचंय, हे तुला वेगळं सांगायला नको. पण तू कागदावर 'बहुउद्देशीय' लिहिलंस आणि गावात प्रत्येकाला आपापला उद्देश आठवला. तालमीच्या काकासाहेबांना कुस्तीची मॅट हवी, पोरांना अभ्यासिका, आणि समितीचे अध्यक्ष आप्पासाहेब यांना लग्नाचा हॉल, दार एवढं की नवरदेवाची घोडी थेट आत यावी. ते सगळं तू बसवलंस. गाडी अडली ती प्रेक्षागृहाच्या उतारावर.

मी परोपरीने समजावलं, की मागच्यांना दिसावं म्हणून जमीन मागे चढत जाते. आप्पासाहेब म्हणाले, "नाटक वर्सातून येकदा. लग्नं किती? जेवताना मानूस सपाट पायजे." मी (माझीच जीभ, दुसरं कोण) बोलून गेलो, की उतारावरही माणूस आरामात जेवतो. झालं. आप्पासाहेबांनी ऊस तुटून गेलेल्या रानात जेसीबी घातला, तुझ्या मापाबरहुकूम उतार केला, खाली स्टेज म्हणून दोन ट्रॉल्या लावल्या आणि पुतण्याचा, ज्ञानेश्वरचा, साखरपुडा तिथेच उरकायचं ठरवलं.

साखरपुडा झकास झाला. मग पंगत बसली आणि आमटी आली. ज्यांची तोंडं खाली होती त्यांची आमटी पुढच्याच्या पाठीकडे गेली, आणि ज्यांची वर होती त्यांच्या मांडीवर आली. (माझं तोंड वर होतं. पांढरी विजार होती.) बुंदीचे लाडू तर घरंगळत थेट खाली बसलेल्या नवरीकडच्या पाहुण्यांपर्यंत गेले, आणि त्यांना वाटलं हा आपला मान आहे. आप्पासाहेबांनी हात धुण्याआधीच निकाल दिला: उतार रद्द, फरशी सपाट. खरं सांगतो, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते आमटीच्या तिखटाचं नव्हतं.

तेवढ्यात पार मागून, सगळ्यात वरच्या ओळीतून, आप्पासाहेबांच्या आई मनकर्णाबाई उठल्या. नव्वदीच्या घरातल्या, उंचीला माझ्या खांद्याइतक्या. म्हणाल्या, "आप्पा, समदं आयुष्य लोकांच्या पाठी बघन्यात गेलं माजं. तुज्या लग्नातबी तू मला दिसला न्हाईस. आज नातसून डोळं भरून बगितली. ह्यो उतार मोडायचा न्हाई."

आईपुढे आप्पासाहेबांचं काही चालत नाही. उतार राहिला. पण पंगतीचं काय? ते ट्रॉल्यांकडे बोट दाखवत म्हणाले, "स्टेज तेवढं सपाट हाय न्हवं? मग पंगत तिथं." आता जेवणारे स्टेजवर आणि बाकी वऱ्हाड समोर खुर्च्यांत. तसंही आपल्याकडे दुसऱ्या पंगतीचे लोक पहिलीच्या मागे उभे राहून कोण किती खातं ते बघतच असतात. आता निदान बसून बघतील. तेव्हा दोनशे पानं मांडता येतील एवढं स्टेज काढून नवा आराखडा लगेच पाठव. एवढं मोठं स्टेज पुण्यातही कुणाला मिळत नसेल, मी कशाला नाही म्हणू?

तुझा,
नृसिंहकाका

ता. क. उद्घाटनाला आमचंच नाटक ठरलंय. नायक मीच. (वय विचारू नये.)

ता. क. आणखी एक, हे फक्त तुझ्यापाशी. मनकर्णाबाईंचं ऐकून तुझ्या काकूनेही उद्घाटनाला शेवटच्या ओळीत बसायचं जाहीर केलंय. आजवर आमच्या मंडळींच्या चहापाण्याचं उरकून येईपर्यंत तिला पार मागेच जागा मिळायची, आणि पुढच्या डोक्यांपलीकडे काही दिसायचं नाही. तीस वर्षं तिने माझं काम नुसतं ऐकलंय, आणि माझ्या अभिनयाबद्दल तिचं फार चांगलं मत आहे रे. गावात तेवढं एकच आहे. तर बाकीचा उतार आहे तसाच असू दे, फक्त शेवटच्या ओळीतली एक खुर्ची जरा खाली घेता येईल का?