दोन्ही खांदे वेगळे मोजा

१२ जानेवारी

प्रिय टाचण्या,

अनेक आशीर्वाद. मी बरी आहे, तुम्हीही तिघं बरे असाल. माझा गुडघा जिन्यावर कुरकुर करतो आणि सपाटीवर गप्प बसतो, म्हणजे स्वभावाने माझ्यावरच गेलाय. ऑफिसात माझं टेबल हलवून पाण्याच्या मशीनशेजारी लावलंय. येणारा-जाणारा पेला भरता भरता माझ्या पडद्यात डोकावतो आणि न मागितलेला सल्ला देऊन जातो.

कागदावर लिहायची वेळ तू आणलीस. मेलला उत्तर नाही. फोन केला की भावजयबाई उचलतात आणि "वन्सं, ते कटिंगवर आहेत" म्हणतात. सप्टेंबरपासून तू नुसतं कटिंगच करतोयस. एवढ्या कपड्यांत तर अख्खं गाव दोनदा झाकून झालं असेल!

परवा त्या मशीनपाशी एका नव्या मुलीने विचारलं, "मॅडम, ते खडू-खडू म्हणतात ते काय असतं?" मी सांगितलं, की आमचे बाबा शिंपी होते. त्यांची कापायची पद्धत माझ्या भावाला तोंडपाठ. त्याने ती मला समजावली आणि मी तिचा प्रोग्रॅम केला, त्याचंच नाव खडू. आपली मापं भरायची, की कपड्याचा आराखडा कागदावर छापून मिळतो. तो कापडावर ठेवून कापायचं आणि शिवायचं. फुकट आहे, खुलं आहे, कोणीही घ्यावं, कोणीही सुधारावं. अकरा वर्षं चाललंय. ती म्हणाली, "म्हणजे भावाची विद्या आणि तुमची मेहनत." मी "हो" म्हटलं आणि दिवसभर ते वाक्य चघळत बसले.

तर बातमी. डाउनलोडचं नवं पान नोव्हेंबरपासून सुरू झालंय. तू उघडून पाहिलंस का? वर एक चित्र, खाली एक मोठं निळं बटण, बस्स. तुझ्या जुन्या पानावर सात पडदे खाली सरकल्यावर डाउनलोड सापडायचं. एकाने तर लिहिलं होतं, की हे पान म्हणजे औषधाच्या खोक्यातला घडीचा कागद आहे. सप्टेंबरात मी नव्या पानाचे दोन कच्चे नमुने चर्चापानावर टाकले आणि तीन आठवडे सगळ्यांची मतं मागवली. एकशे त्रेसष्ट मतं आली. बहुतेकांना बटणच हवं होतं. आता डाउनलोड तिपटीने वाढलेत.

त्या चर्चेत थोडी खडाखडी झाली. 'बोथट कात्री' नावाच्या कोणा गृहस्थांशी. तू वाचलं असशील, नसशीलही. टोपणनावाने लोक काय वाटेल ते लिहितात, मीही दोन शब्द जास्त बोलले असेन. चालायचंच.

एक छोटंसं काम होतं. खांद्याचं माप कसं घ्यायचं, यावर चार ओळी नव्याने लिहून देशील का? एक-दोघांनी विचारलंय. घाई नाही. तू लिहिलेलं बरं पडेल, बाकी काही नाही.

भावजयबाईंना नमस्कार सांग. पिल्लूच्या पुढच्या दातांचं काय झालं, आले का?

तुझी,
ताई


३ फेब्रुवारी

टाचण्या,

तीन आठवडे झाले. पत्र पोचलंय हे मला माहीत आहे, कारण भावजयबाईंनी सांगितलं, की तू ते वाचलंस, घडी घातलीस आणि मशीनच्या खणात ठेवलंस. "काही म्हणाले का?" विचारलं तर म्हणाल्या, "वन्सं, ते हल्ली कॉम्प्युटरच उघडत नाहीत. त्यावर कापडाचे ताके रचलेत."

मागच्या पत्रात मी गोल गोल फिरले. आता सरळ लिहिते.

एक-दोघांनी नाही, एकाच माणसाने विचारलं होतं. तो बस चालवतो. त्याच्या मुलीच्या पाठीचा कणा एका बाजूला वळलेला आहे. दुकानातला तयार कपडा तिच्या अंगावर बसत नाही, म्हणून हा माणूस स्वतः शिवायला शिकला. शाळेत तिच्या गाण्याचा कार्यक्रम होता. त्याने नव्या पानावरून खडू उतरवून घेतला, चित्रात दाखवलंय तसं एका खांद्याचं माप घेतलं आणि चार संध्याकाळी खपून फ्रॉक शिवला. घातल्यावर गळा एका बाजूला ओघळला आणि पाठीची चेन लागेना. तो म्हणाला, "माझंच माप चुकलं." त्यावर ती म्हणाली, "माप बरोबर आहे बाबा, मीच वाकडी आहे." कार्यक्रमभर ती अंगात कोट घालून बसली. गायली नाही.

त्याने रागाने लिहिलं नव्हतं. एवढंच विचारलं होतं, की पानावर काही राहून गेलंय का.

राहून गेलं नव्हतं, मी काढलं होतं. तुझ्या जुन्या पानावर पहिल्याच पडद्यात होतं: "टेप आधी काढू नका, माणूस आधी बघा. दोन्ही खांदे वेगळे मोजा." नव्या पानावर मला ते अडगळ वाटलं. प्रोग्रॅममध्ये दोन खांद्यांचे दोन रकाने अजून आहेत, पण दुसरा रिकामा सोडला तर तो पहिल्याचाच आकडा घेतो. ही सोय मीच केलेली. तुझी ओळ होती तोवर रकाना कोणी रिकामा सोडत नव्हतं.

आणि त्या ओळीसाठी एकच माणूस भांडला. 'बोथट कात्री'ने लिहिलं होतं: "ही ओळ काढू नका. ज्याचा एक खांदा दोन बोटं खाली आहे, त्याला या ओळीमुळे आयुष्यात पहिल्यांदा नीट बसणारा शर्ट मिळतो." त्यावर मी काय लिहिलं, ते तुला पाठ असेल. तरी स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिते, मलाही जरा झोंबू दे. "शंभरातल्या दोघांसाठी अठ्ठ्याण्णव जणांना ताटकळत ठेवायचं का? काही जणांना हे पान म्हणजे आपल्या दुकानाची पाटी वाटते." आणि विषय बंद केला. चर्चा बंद करायचं बटण माझ्याकडे होतं.

मी तुला ओळखलं होतं, टाचण्या. अख्ख्या जगात सेंटिमीटर सोडून बोटांनी मोजणारा एकच माणूस मला माहीत आहे. आणि दोन बोटं खाली असलेला तो डावा खांदाही मला माहीत आहे. बाबा तुझा शर्ट कापताना डावी बाजू वेगळी आखायचे आणि मी शेजारी टाचण्यांची डबी धरून उभी असायचे. तू त्यातल्या दोन-चार ओठांत धरायचास आणि आई ओरडायची. ती ओळ बाबांनी तुझ्यासाठी केली होती. तीच मी काढली, आणि कुणाची आहे हे पक्कं ठाऊक असताना काढली.

चर्चापानावर आपण ताई-भाऊ नाही, हा नियम आपण दोघांनीच घातला होता. हा घरचा कारभार आहे असं लोकांना वाटू नये, म्हणून. नियम चांगलाच होता. मी त्याच्या आड लपून तुला मारलं आणि तू नियम पाळून गप्प बसलास.

का केलं, तेही सांगते, नाहीतर पत्र पुन्हा गोल फिरेल. अकरा वर्षं त्या पानाखाली लोक आभार लिहीत होते, "मास्तर, तुमच्यामुळे शिवायला शिकलो." मास्तर म्हणजे तू. प्रोग्रॅम कोणी लिहिला हे एकानेही विचारलं नाही. तू प्रत्येकाला उत्तर द्यायचास आणि त्यात माझं नाव घालायचास, तेही मला भीक घातल्यासारखं वाटायचं. नवं पान माझं होणार होतं. त्यावर तुझा एक शब्दही नको होता मला. लिहिताना लाज वाटतेय, पण खरं आहे.

चूक माझ्या हातून झाली असं नाही. मी ती केली.

चार ओळी लिहून देऊ नकोस. मागायचा हक्क मला नाही.

ताई


२४ फेब्रुवारी

टाचण्या,

आज तिसरं पत्र. हेही खणात जाईल. जाऊ दे.

बसवाल्याचा दुसरा निरोप आला. फ्रॉक बसला म्हणे, पहिल्या फटक्यात. मला कळेना, कारण मी त्याला अजून धड उत्तरही दिलं नव्हतं. मग त्याने सगळं लिहिलं. त्याच्या शेजारी शिलाईकाम करणाऱ्या एक बाई राहतात. त्यांच्या भिंतीवर तुझं जुनं पान छापून चिकटवलेलं आहे. खाली दुकानाचा पत्ता होता, त्यावर त्याने डिसेंबरातच तुला पत्र टाकलं. तू त्याच्याकडून मुलीची बावीस मापं मागवलीस, पूर्ण आकाराचा आराखडा हाताने काढलास आणि गुंडाळी करून पाठवलास.

म्हणजे मी तुला "एक-दोघांनी विचारलंय, घाई नाही" असं गुळमुळीत लिहीत होते, तेव्हा तुझं काम करून झालेलं होतं! तू माझं पत्र वाचलंस ते हे सगळं माहीत असताना. मी काय सांगते आणि काय झाकते, ते बघत. हे कळल्यावर मी पाण्याच्या मशीनशेजारी तोंड फिरवून बसले. दोघांनी विचारलं, "मॅडम, सर्दी का?"

तुझ्या आराखड्याबरोबरची चिठ्ठी त्याने मला उतरवून पाठवली. मुलीला तू लिहिलंस: "तुझे खांदे दोन आहेत, म्हणून मापंही दोन घ्यायची. माझेही असेच आहेत. माझ्या बाबांनी मला एकदाही सांगितलं नाही की मी वाकडा आहे. ते म्हणायचे, कापड नीट कापलं नाही." आणि तिच्या वडिलांना लिहिलंस: "पानावरची ओळ गेली, त्यात माझीच कुचराई आहे, मी नीट समजावून सांगायला हवं होतं. पान करणारी माणसं चांगली आहेत. त्यांच्यावर रागावू नका."

अरे, रागवायचं तरी होतंस! तू मला शिव्या दिल्या असत्यास तर मी भांडले असते, आणि भांडणात मला निदान उभं राहता येतं. तू माझी बाजू घेतलीस, तीही एका परक्या माणसाकडे, आणि मला कळणार नाही अशा बेताने. आता मी कुठे तोंड दाखवू?

काल मी चर्चापानावर लिहिलं. बंद केलेला विषय उघडला. लिहिलं, की 'बोथट कात्री' माझा सख्खा भाऊ आहे, जुनं पान त्याचंच होतं, बाबांची पद्धतही मला त्यानेच शिकवली, मी त्याला ओळखलं होतं आणि ओळखून टोचलं. बसवाल्याला विचारून मुलीचंही लिहिलं. तुझं नाव टाकलं नाही. ओळ परत लावलीय, बटणाच्या वर. त्यासाठी मतं मागवली नाहीत. दुसरा रकाना भरल्याशिवाय आता खडू पुढे जात नाही. अकरा जणांनी मला चांगलंच फैलावर घेतलं, एकाने "घरची धुणी घरात धुवा" म्हटलं. ज्यांनी तेव्हा हसण्याची चिन्हं टाकली होती, त्यांतल्या काहींनी ती गुपचूप काढून घेतली.

अजून एक गोष्ट मागच्या पत्रात लिहायची टाळली. कोणीतरी बोथट कात्रीचं चित्र काढून टाकलं होतं, गंजलेली आणि एक पातं खाली लोंबणारी. त्यावर एकेचाळीस जण हसले. कोण कधी हसलं ते तिथे ओळीने दिसतं, तू बघितलं असणारच. पहिलं हसू माझं होतं.

तुझ्या लोंबणाऱ्या पात्यावर. मी.

याला माफी मागून काय उपयोग? माफी मागितली की तू लगेच "जाऊ दे ताई" म्हणशील, आणि ते मला नको आहे. तू परत ये, पान हातात घे, असंही म्हणत नाही. कॉम्प्युटरवर ताके ठेवलेस ते बरं केलंस, निदान तिथे आता कामाच्या वस्तू तरी आहेत.

पण चार लोकांत मी तुला बोलले, ते बंद पत्रात फिटायचं नाही. म्हणून शनिवारी संध्याकाळी पाच वाजता दुकानात येते. त्या वेळी तुझ्याकडे बाहेरच्या पायरीपर्यंत माणसं असतात, मुद्दाम तेव्हाच येते. भावजयबाईंना सांग, मला आत घरात बसवू नका. मी गिऱ्हाइकांमध्ये उभी राहीन. तुला जे म्हणायचं असेल ते सगळ्यांच्या देखत मोठ्याने म्हण. काही म्हणायचं नसेल तर कापत राहा, मी दुकान बंद होईपर्यंत उभी राहीन.

ओळखून अनोळखी झालेली,
तुझी ताई