कॅमेऱ्याची गोधडी

॥ श्री ॥

यशवंतपूर, बंगळूर
रविवार, ता. ४ सप्टेंबर १९६०

ती. विठोजीअण्णास,
भीमसेनचा साष्टांग नमस्कार.

इकडे सगळे खुशाल आहोत. आईचे गुडघे पावसाळ्यात कुरकुरतात, एरवी ती ठणठणीत. दुकान चालू आहे. मी अजून आप्पांच्याच हाताखाली आहे.

पत्र लिहायचं कारण असं, की मला थंडीबद्दल विचारायचं आहे.

इथल्या एका कॉलेजात विश्वेश्वर म्हणून वनस्पतींचे प्राध्यापक आहेत. झाडापानांचे नमुने गोळा करायला ते तुझ्या शिलाँगकडे निघाले आहेत. आधी चेरापुंजीच्या बाजूचं दाट ओलं जंगल, मग तिथून सिक्कीमचे उंच डोंगर, अगदी बर्फापर्यंत. सामानाच्या ताडपत्रीच्या पिशव्या आप्पांकडे शिवायला आल्या. त्या पोहोचवायला मी गेलो आणि सरांना इतक्या शंका विचारल्या, की ते वैतागून म्हणाले, "एवढी काळजी वाटते तर तूच चल की आमच्याबरोबर!" थट्टेनंच म्हणाले असावेत. मला रात्रभर झोप आली नाही. सकाळी जाऊन हो म्हणून आलो.

तेव्हापासून मी सामान भरतो आहे आणि उपसतो आहे. अडचण अशी, की एकाच पेटीला आधी भिजायचं आहे आणि मग गोठायचं आहे. आधी खात्री करावी म्हणून मी सरांचा लोकरी कोट घालून स्टेशनमागच्या बर्फाच्या कारखान्यात जाऊन बसलो. हमाल जमले. "अरे भीमसेना, बर्फाच्या लादीशी सोयरीक जुळवतोस काय?" म्हणाले. कोट चांगला आहे, पण पायमोजे कुचकामी. स्टोव्ह पेटला नाही, कारण माझीच बोटं वळेनात. जंगलासाठी परटाच्या भट्टीपाशी बसलो. मेणकापडात गुंडाळलेला टीपकागद कोरडा राहिला. मी राहिलो नाही.

आता तू सांग. जळवांना मीठ चांगलं की तंबाखू? ब्रह्मपुत्रा बोटीनं ओलांडताना पेट्या आपल्या नजरेसमोर राहतात का? आईनं चटणीच्या दोन बरण्या दिल्या आहेत. सर कानडी हेल काढून म्हणतात, "स्वल्प, थोडं तरी कमी करा." आई म्हणते, "तुझ्या सरांना सांग, डोंगरात झाडपाला खाऊन राहा म्हणावं."

आप्पांना मी शिलाँग म्हणालेलो नाही. आसाम म्हणालो. आसाम मोठा आहे. त्यांनीही कुठलं गाव ते विचारलं नाही.

लग्न करून तू वहिनींच्या घरी राहायला गेलास हे कळलं तेव्हा "रघुजी शिंप्याचा मुलगा घरजावई!" एवढं बोलून त्यांनी तुझं नाव घेणं बंद केलं. अजून बंदच आहे. तुझा विषय निघाला की मशीन जोरात चालवतात. पण हल्ली एक चमत्कारिक गोष्ट चालली आहे. गिऱ्हाइकांचं काम आटोपलं की ते एक लहानशी गोधडी शिवायला घेतात. आईच्या जुन्या लुगड्यांचे मऊ तुकडे वेचून घेतले आहेत. मी विचारलं, "हे कोणाला?"

"तुझ्या सरांच्या कॅमेऱ्याला. थंडीत काच तडकते."

सरांच्या कॅमेऱ्याला चामड्याची पेटी आहे, आणि तो जेवणाच्या डब्याएवढा आहे. गोधडी माझ्या हाताएवढी लांब. मी "सरी, बरं" म्हणालो आणि पेटी भरायला गेलो.

मुलगी झाल्याचं तुझं कार्ड दीड वर्षापूर्वी आलं, ते आईनं तांदळाच्या डब्यात लपवून ठेवलं. पोस्टमन टपाल दुकानात, आप्पांच्या हातात देतो, हे आम्हां दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं.

आम्ही शिलाँगला थांबणार आहोत. तू भेटशील ना? वहिनींना चालेल ना? त्यांचं नाव नीट लिहून कळव. पहिल्याच भेटीत चुकीचं नाव घेतलं तर मला मेल्याहून मेल्यासारखं होईल.

उत्तराची वाट बघतो.

तुझा धाकटा,
भीमसेन

॥ श्री ॥

यशवंतपूर, बंगळूर
खंडेनवमी, १९६०

ती. विठोजीअण्णास आणि सौ. ड्रोसिलावहिनींस,
भीमसेनचा साष्टांग नमस्कार.

उद्या दसरा, परवा आम्ही निघतो. हे पत्र माझ्या आधी पोहोचेल की मी पत्राच्या आधी, ते सांगता येत नाही. तरीही लिहितो, कारण समोरासमोर हे मला बोलता येणार नाही.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. मी ते आईला मागच्या खोलीत वाचून दाखवलं. जरा मोठ्यानं वाचलं. दार उघडंच होतं. पुढे आप्पांची मशीन चालू होती. जळवांचा मजकूर वाचला, मशीन चालूच. वहिनींनी माझ्यासाठी खोली झाडून ठेवली आहे हे वाचलं, तेव्हा मशीन हळू झाली. "मुलगी आता तुरुतुरु चालते, गॅरेजात येऊन माझे पाने पळवते" इथं आलो आणि ती थांबली. मीही थांबलो. बाहेरून आवाज आला, "भीम्या, मध्येच का थांबलास? थंडीचं काय लिहिलंय ते वाच!" थंडीचं पुढच्या पानावर होतं. मी पोरीचंच पुन्हा पहिल्यापासून वाचलं. त्यांनी हरकत घेतली नाही.

आज खंडेनवमी. मशीन धुऊनपुसून, हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसवली आहे. कात्री, गज, इस्त्री सगळं पूजेत. आज त्यातल्या कशालाही हात लावायचा नाही. आप्पा रिकामे बसले होते. मी सगळं धैर्य गोळा करून म्हणालो, "आप्पा, कॅमेरा आपल्याला वाटला त्यापेक्षा मोठा आहे म्हणे."

"केवढा?"

मी मांडीपाशी हात धरला. ते माझ्या हाताकडे बघतच राहिले. कार्ड आलं त्या दिवशी होती तेवढीच ती त्यांच्या मनात राहिली होती, अण्णा. माझ्याही.

"मग पाय उघडे पडतील," ते म्हणाले.

कॅमेऱ्याचे पाय! आई तोंडाला पदर लावून आत पळाली.

आप्पांनी गोधडी मांडीवर घेतली आणि कडेचे टाके दातांनी तोडायला सुरुवात केली. आई बाहेर येऊन म्हणाली, "अहो, आज नवमी. सुईला हात लावू नये."

"ही सुई पूजेत नाही. काल बाजूला काढून ठेवली होती."

"काल? काल का?"

"गप्प बस. दोरा ओवून दे."

आईनं ओवून दिला. तिच्या लग्नातल्या हिरव्या लुगड्याचा काठ तिनंच आणून पुढे ठेवला. आप्पा हातानं शिवत बसले, आणि ती समोर नुसती बसून राहिली. मला तिथून हलवेना.

"आजवर मापाशिवाय मी काही शिवलेलं नाही," आप्पा मान वर न करता म्हणाले. "हे पहिलंच. पुढच्या खेपेला मापाला घेऊन यायला सांग. अंदाजानं शिवलेलं मला पसंत नाही."

मला कळलं होतं. तरी मी विचारलं, "कोणाला सांगू?"

त्यांनी एक टाका घातला. मग आणखी एक.

"विठोजीला," ते म्हणाले. "आणखी कोणाला?"

आई लगेच म्हणाली, "आणि सुनेचं माप?"

"तिच्या झंपराचं तू घे. सगळं मीच करू काय!"

पेट्या सगळ्या शिवून, लाख लावून बंद केल्या होत्या. मी एक उघडली. सर बघायला आले होते, ते म्हणाले, "पुन्हा? आता काय राहिलं?" मी म्हणालो, "कॅमेऱ्याची गोधडी." त्यांनी गोधडी हातात घेतली, हिरव्या काठावरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "माझा स्वेटर काढ, हवं तर." मी माझा काढला. गोधडी दुहेरी मेणकापडात आहे. भट्टीची परीक्षा झालेली आहे, काळजी करू नकोस.

मापाची फीत बरोबर नेऊ का, असं मी निघायच्या तयारीत आप्पांना विचारलं.

"नको," ते म्हणाले. "माप मी घेणार."

आप्पांचा निरोप घेऊन येणारा,
भीमसेन